गद्धेपंचविशीचा हक्क

जूनमध्ये अकरावीचे प्रवेश सुरू झाले की आमच्या कॉलेजच्या ऑफिसबाहेरच्या बाकड्यावर बसायला जागा मिळत नाही. सगळं ऑनलाइन झालंय, तरी दाखले, झेरॉक्स, जातीचं प्रमाणपत्र पिशवीत घालून माणसं येतातच. मागच्या जूनमध्ये एक वडील मुलाला घेऊन आले. उद्यमनगरात त्यांचं छोटं मशीन शॉप. हाताच्या रेषांत ग्रीस मुरलेलं, शर्ट मात्र खास इस्त्री करून घातलेला. म्हणाले, "मॅडम, ह्याला बी ग्रुपच पाहिजे. नीट द्यायची हाय." बी ग्रुप म्हणजे जीवशास्त्राचा गट, आणि नीट म्हणजे डॉक्टरकीची प्रवेशपरीक्षा. मी मुलाला विचारलं, "तुला काय आवडतं रे?" त्यानं माझ्याकडं बघितलंच नाही, वडिलांकडं बघितलं. वडील म्हणाले, "त्येला काय कळतंय अजून. म्हणून तर आम्ही ठरवलंय."

गेली तेवीस वर्षं मी कोल्हापुरात अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते, आणि हे वाक्य दर जूनमध्ये ऐकते. बोलणाऱ्या माणसाचं प्रेम खरं असतं, काळजी खरी असते. मला खुपतो तो त्यातला 'म्हणून'. पोराला अजून कळत नाही, हे बरोबर आहे. पंधराव्या वर्षी कुणालाच कळत नाही. पण त्यातून 'म्हणून आम्ही ठरवलं' हे कसं निघतं? त्याला अजून कळत नाही, म्हणून त्याला शोधायला वेळ दिला पाहिजे, असं का निघत नाही? हा लेख त्या एका 'म्हणून'बद्दल आहे.

मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सनचं नाव बी.एड. केलेल्या प्रत्येकानं परीक्षेपुरतं पाठ केलेलं असतं. माणसाच्या आयुष्याच्या आठ अवस्था, त्यातली पाचवी किशोरवयाची, साधारण बारा ते अठरा वर्षांची: ओळख विरुद्ध भूमिकांचा गोंधळ. १९५० साली त्यानं हे पुस्तकात मांडलं आणि आम्ही ते टिपा लिहा छापाच्या प्रश्नात संपवलं. उत्तरपत्रिकेत कधी येत नाही तो हा माणूस स्वतः. १९०२ साली फ्रँकफर्टमध्ये जन्मला. खरा बाप कोण हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. आई ज्यू, सावत्र वडील ज्यू डॉक्टर, आणि पोरगं उंच, सोनेरी केसांचं, निळ्या डोळ्यांचं. प्रार्थनास्थळात मुलं त्याला परका म्हणून चिडवायची आणि शाळेत ज्यू म्हणून. कॉलेजची पदवी त्यानं कधी घेतली नाही. चित्रं काढत युरोपभर भटकला. १९२७ साली, बरोबर पंचविशीत, व्हिएन्नातल्या एका छोट्या शाळेत शिकवायला गेला आणि तिथं बालमनोविश्लेषक अ‍ॅना फ्रॉईडच्या सहवासात त्याला त्याचं काम सापडलं. पुढं अमेरिकेत स्थायिक झाल्यावर 'एरिक्सन' हे आडनावही त्यानं स्वतःच घेतलं. पदवी नसलेला हा माणूस नंतर हार्वर्डला प्राध्यापक होता. किशोरवयातला गोंधळ हा रोग नाही, ते वाढीचं काम आहे, असं तो म्हणाला तेव्हा त्यामागं त्याची स्वतःची पंचवीस वर्षं होती.

त्या कामाला समाजानं मुदत द्यावी असं त्याचं म्हणणं. त्यासाठी त्यानं वापरलेला शब्द मोराटोरियम. हा शब्द उद्यमनगरातल्या त्या वडिलांनाही माहीत असणार. २०२० साली रिझर्व्ह बँकेनं कर्जाचे हप्ते थोपवायची मुभा दिली, तेव्हा प्रत्येक छोट्या कारखानदाराच्या तोंडी तो होता. कर्ज माफ झालं नव्हतं, श्वास घ्यायला वेळ मिळाला होता. पोरासाठी मागायचं ते एवढंच.

आणि हे परदेशी फॅड आहे असं कुणी म्हणू नये. मराठीत गद्धेपंचविशी हा शब्द आहे. आजी-आजोबा तो सहज वापरायचे. पोरगं कामधंदा सोडून तमाशाच्या फडामागं गेलं, तालमीत राहायला गेलं, कुणाशी भांडून मुंबईला पळालं, की घरातलं म्हातारं माणूस म्हणायचं, "असू दे, गद्धेपंचविशी हाय, येईल ठिकाणावर." त्या शब्दात शिवी आहे, पण सवलतही आहे. पंचवीस वर्षं होईपर्यंत माणूस चुकणार, भरकटणार, हे गृहीत धरलेलं आहे. ही सवलत आपण कधी काढून घेतली? माझ्या समजुतीप्रमाणे, दहावीच्या निकालाच्या दिवशीच आयुष्याचा निकाल लागतो असं मानायला लागलो तेव्हा.

आमच्या गावात अनोळखी पोराला पहिला प्रश्न "कुणाचं रं तू?" आणि दुसरा "कुठल्या पेठेतला?" असा असतो. नावाचा नंबर तिसरा. मंगळवार पेठ, शिवाजी पेठ, तालीम, मंडळ, शाहू स्टेडियमवर कुठल्या संघाच्या बाजूनं ओरडतोस, ह्या सगळ्यातून पोराची जागा ठरते. ह्याला मी वाईट म्हणत नाही. ज्या गावात तेरा वर्षांच्या पोराला हक्काची तालीम आहे, तिथं वस्ताद त्याच्या पाठीवर थाप मारतो आणि चुकलं तर कानाखालीही देतो, तिथं पोर एकटं पडत नाही. ओळख हवेत तयार होत नसते, हे एरिक्सनही सांगतो. तिला माणसं लागतात, जागा लागते. पण आपण 'कुणाचा' ह्याचं उत्तर देऊन थांबतो. 'कोण' हा प्रश्न पोरानं स्वतः विचारला की घर अस्वस्थ होतं.

जेम्स मार्शिया ह्या मानसशास्त्रज्ञानं १९६६ साली एरिक्सनच्या कल्पनेला हाताळता येईल असं रूप दिलं. त्यानं ८६ कॉलेजकुमारांच्या मुलाखती घेतल्या (सगळे मुलगे, हे लक्षात ठेवू, मुलींकडं पुढं येते) आणि दोनच गोष्टी तपासल्या: ह्यानं पर्याय धुंडाळले आहेत का, आणि कशाला तरी स्वतःला बांधून घेतलंय का. व्यवसायाबद्दल विचारलं, तसंच धर्म आणि राजकारणाबद्दलही. त्यातून चार प्रकारची मुलं दिसली. ना शोध ना बांधिलकी अशी. शोधात असलेली. शोधून ठरवलेली. आणि चौथी, जी मला माझ्या वर्गात सगळ्यात जास्त दिसतात: न शोधताच ठरलेली. आईवडिलांनी आखलेल्या वाटेवर तंतोतंत चालणारी. ही मुलं वरून शांत असतात. स्टाफरूममध्ये त्यांचं कौतुक होतं. पण मार्शियाला आढळलं की हाताशी येत नसलेलं ध्येयही ती खाली आणायला तयार नसतात, आणि अधिकाऱ्यापुढं, सत्तेपुढं मान तुकवण्याकडं त्यांचा ओढा जास्त असतो. ज्याला घरात कधी 'का' विचारता आलं नाही, तो बाहेरही विचारत नाही.

मी स्वतः ह्या चौथ्या बाकावर बसलेली आहे. मला दहावीनंतर इतिहास घ्यायचा होता. वडील प्राथमिक शिक्षक, ते म्हणाले, "सायन्स घे बाळ, सगळी दारं उघडी राहतात." त्यात खोटं काही नव्हतं. सायन्सवाल्याला नंतर आर्ट्सला जाता येतं, आर्ट्सवाल्याला इंजिनिअरिंगला जाता येत नाही. पण दारं उघडी ठेवायची म्हणून घेतलेल्या सायन्समध्ये मला एका दारातून दुसऱ्या दारात ढकलत नेलं. बी.एस्सी., एम.एस्सी., बी.एड., नोकरी, लग्न. रसायनशास्त्र मला मनापासून आवडायला लागलं ते पस्तिशीत, एका मुलीनं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मला आलं नाही आणि मी ते शोधायला रात्रभर बसले तेव्हा. म्हणजे ठरवून दिलेलं काम कधीच आपलं होत नाही असं मी म्हणणार नाही. होतं, पण त्यासाठी कधी ना कधी ते पुन्हा नव्यानं निवडावं लागतं. मला ती संधी वीस वर्षांनी मिळाली. सगळ्यांना मिळत नाही.

आता मुलींकडं येते. गद्धेपंचविशी मुलींना कधी नव्हतीच. "असू दे, येईल ठिकाणावर" असं कुठल्या मुलीबद्दल कधी म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. मुलगी ठिकाणावरच असली पाहिजे.

आम्ही कोल्हापूरकडच्या मुली 'मी येतो', 'मी जातो' म्हणतो. लहानपणापासून तोंडात तेच. एम.एस्सी.ला पुण्याला गेले तेव्हा हॉस्टेलच्या मेसमध्ये पहिल्या रात्री मी सहज म्हणाले, "मी हात धुऊन येतो." टेबलावरच्या पाच मुली हसल्या. एकीनं विचारलं, "तू मुलगा आहेस का?" दुसऱ्या दिवशी पहाटे बाथरूमचा नळ मोठा सोडून मी 'येते, जाते, करते' घोकत होते. महिन्याभरात जमलं. दिवाळीला घरी आले आणि चुलत बहिणीला "मी देवळात जाऊन येते" म्हणाले. ती म्हणाली, "लई शानी झालीस की!" पुण्यात मी कोल्हापूरची, कोल्हापुरात मी पुण्याची. त्या चार दिवसांत मी शक्य तितकं कमी बोलले, क्रियापद टाळता येईल अशी वाक्यं करत राहिले. भूमिकांचा गोंधळ ही पुस्तकातली गोष्ट पुढं शिकले, तेव्हा मला मेसमधलं ते टेबल आठवलं. एका प्रत्ययाएवढा छोटा असतो हा गोंधळ, आणि पोराला तो अख्खा व्यापून टाकतो. माझ्याशी त्याबद्दल कुणी बोललं नाही. बोलायचं असतं हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

न शोधता ठरलेल्या वाटेचं काय होतं, हे नीटच्या निकालाच्या दिवशी बघावं. २०२४ साली देशभरातून सुमारे २४ लाख मुलांनी नीटसाठी नोंदणी केली. एमबीबीएसच्या सगळ्या जागा, सरकारी-खासगी मिळून, लाखाच्या थोड्या वर. म्हणजे बावीस-तेवीस लाख मुलांना त्या दिवशी कळतं की आपण डॉक्टर होणार नाही. त्यातली किती तरी मुलं पाचवीपासून 'आमचा डॉक्टर' ह्या नावानंच घरात वावरलेली असतात. दोन वर्षं सकाळी सहाला घर सोडायचं, कॉलेजात नावाला पट, दिवसभर राजारामपुरीत क्लास, रात्री टेस्ट सिरीज. ह्या दोन वर्षांत त्यांनी फुटबॉल सोडलेला असतो, चित्र सोडलेलं असतं, मित्र सोडलेले असतात. दुसरं काही होऊन बघायची जागाच ठेवलेली नसते. मग ते एक नाव पुसलं गेलं की खाली कोरं. माझ्या एका हुशार विद्यार्थ्यानं निकालानंतर मला विचारलं होतं, "मॅडम, मग आता मी कोण?" कुठला कोर्स घेऊ, हा प्रश्न त्याला पडलाच नव्हता.

इथं एक सांगून ठेवते. गोंधळ वेगळा आणि आजार वेगळा. पोर झोपत नसेल, जेवत नसेल, जगायचं नाही म्हणत असेल, तर 'वय आहे' म्हणून सोडून देऊ नका. टेली मानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा फोन मोफत आहे, डॉक्टरकडं जाण्यात लाज नाही.

कोऱ्या जागेत कुणी तरी येऊन लिहितंच. एरिक्सननं ह्याला नकारात्मक ओळख म्हटलंय: कुणीच नसण्यापेक्षा वाईट का होईना, पण कुणी तरी असणं पोराला परवडतं. चौकातले वाढदिवसाचे फ्लेक्स बघा. सतरा-अठरा वर्षांची पोरं, गॉगल, हाताची घडी, खाली कुणा 'भाई'चं नाव आणि पन्नास शुभेच्छुकांचे फोटो. तलवारीनं केक कापल्याच्या बातम्या आपण वाचतो आणि पोलिसांनी धडा शिकवावा म्हणतो. मी त्या फोटोंत शेवटच्या रांगेतले चेहरे बघते. त्यातले दोन-तीन माझ्याच वर्गातून गेलेले असतात, नापास झालेले किंवा 'हे आपल्याला जमणार नाही' म्हणून मधेच गळलेले. फ्लेक्सवर त्यांचा फोटो पासपोर्ट साइझचा असतो, पण असतो.

७ जून २०२३ ला कोल्हापुरात काय झालं ते इथल्या प्रत्येकाला आठवतं. मोबाइलवरच्या काही स्टेटसवरून बंद, दगडफेक, अश्रुधूर, इंटरनेट बंद. वादग्रस्त स्टेटस ठेवणाऱ्यांत अल्पवयीन मुलं असल्याच्या बातम्या आल्या. आणि गल्लीतून दगड घेऊन पळणाऱ्यांतही मला मिसरूड नुकतं फुटलेली पोरं दिसली. दोन्हीकडच्या पोरांची भूक मला एकच वाटली. चोवीस तासांनी आपोआप पुसलं जाणारं एक स्टेटस किंवा हातातला एक दगड त्यांना क्षणात सांगत होता की तू कोण आहेस. घरानं आणि शाळेनं त्या प्रश्नाला वेळ दिला नव्हता, दुसऱ्या कुणी तरी तयार उत्तर दिलं. शाहू महाराजांच्या गावात हे झालं, असं आपण हळहळत म्हणालो. पण महाराजांच्या आयुष्यात ह्या प्रश्नाबद्दल जे आहे, तिकडं आपण बघत नाही.

कागलच्या घाटगे घराण्यातल्या यशवंतरावाला १७ मार्च १८८४ रोजी, दहाव्या वर्षी, दत्तक घेतलं आणि तो शाहू छत्रपती झाला. नाव बदललं, आई बदलली, घर बदललं. भूमिका तर इतकी पक्की ठरलेली की तिला पर्यायच नव्हता. पण गादीचा कारभार हाती आला २ एप्रिल १८९४ ला. मधली दहा वर्षं राजकोटचं राजकुमार कॉलेज, मग धारवाडला फ्रेजरसाहेबांच्या हाताखाली शिक्षण, हिंदुस्थानभर प्रवास. काम ठरलेलं असूनही त्या मुलाला वाढायला मुदत दिली गेली. आणि तरीही, आज आपण ज्यांना राजर्षी म्हणतो ते गादीवर बसले त्या दिवशी तयार झाले नव्हते. १८९९ साली कार्तिकात पंचगंगेवर स्नानाला गेले असताना पुरोहित वेदोक्ताऐवजी शूद्रांसाठीचे पुराणोक्त मंत्र म्हणतोय, हे संस्कृत पंडित राजारामशास्त्री भागवतांनी दाखवून दिलं. राज्याचा धनी, पण भटजीच्या लेखी शूद्र. 'मी कोण' हा प्रश्न नदीच्या पाण्यात उभं राहून समोर आला. तेव्हा त्यांचं वय पंचवीस. त्यापुढचं सगळं, १९०२ सालचं ५० टक्के जागा राखीव ठेवण्याचं फर्मान, १९१७ सालचं सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण, हे त्या प्रश्नाशी वर्षानुवर्षं झगडून आलेलं उत्तर आहे. राजाची भूमिका दहाव्या वर्षी त्यांच्या अंगावर चढवली गेली, राजर्षी ते स्वतः झाले.

लोक मला म्हणतात, मॅडम, ही सगळी पोट भरलेल्यांची चैन. चंदगडच्या, भुदरगडच्या अर्धा एकरवाल्याच्या पोरानं स्वतःला शोधत बसायचं की घरात पैसा आणायचा? हा आक्षेप मी मनावर घेते, कारण माझे निम्मे विद्यार्थी त्याच घरातले. पण ह्याचं उत्तरही दसरा चौकात उभं आहे. १९०१ पासून ह्या शहरात बोर्डिंगं उभी राहिली, मराठा, जैन, मग इतर समाजांची, १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. त्या काळच्या उपाशी पोराला महाराजांनी आधी ताट, छप्पर आणि शिकायला काही वर्षं दिली. गरिबाच्या पोरालाही मुदत मिळाली पाहिजे, ती त्याच्या बापाला परवडत नसेल तर समाजानं द्यावी, हा त्यामागचा हिशेब होता. बोर्डिंगं जातवार होती आणि त्याचा वळ अजून आहे, हेही खरं. पण एकशेवीसहून अधिक वर्षांपूर्वी ह्या गावाला जे परवडलं, ते आज साखर, दूध आणि फाउंड्रीवर उभ्या असलेल्या जिल्ह्याला परवडत नाही, हे मी मान्य करणार नाही.

मला हवंय ते फार नाही. अकरावीचं पूर्ण वर्ष शाखा बदलायला मोकळं असावं, वर्ष वाया न घालवता आणि ऑफिसात कुणाच्या विनवण्या न करता. २०२० च्या शैक्षणिक धोरणात कला आणि विज्ञान ह्यांच्यातल्या पक्क्या भिंती नकोत असं लिहिलंय. ते कागदावरून वेळापत्रकात यावं, भौतिकशास्त्राबरोबर मराठी साहित्य किंवा चित्रकला खरोखर घेता यावी. कॉलेजात पट आणि दिवसभर क्लास हा व्यवहार बंद व्हावा, कारण त्यात पोराचे दिवसाचे सगळे तास एकाच भूमिकेला विकले जातात. दहावीला २०१६ पासून काही वर्षं कल चाचणी झाली. चाचणीला माझा विरोध नाही, पण कल कागदावर एका तासात सापडत नाही. तो फाउंड्रीत महिनाभर उभं राहून, दवाखान्यात रुग्णांच्या रांगेत बसून, कुणाच्या शेतात, कुणाच्या वर्तमानपत्रात राबून सापडतो. आणि महिनाभर राबून 'हे माझं नाही' असं कळलं, तर तेही सापडणंच आहे. तालमी आणि मंडळं हे करू शकतात. त्यांच्याकडं पोरं आधीच आहेत, थाप मारणारे हात आहेत. फक्त मॅच आणि मिरवणूक ह्यांच्यापलीकडं त्या पोरांशी बोलायचं ठरवावं लागेल, आणि पोरींनाही आत घ्यावं लागेल.

त्या उद्यमनगरच्या मुलाला बी ग्रुपच मिळाला. पहिल्या दिवशी मी वर्गात एक कागद भरून घेते. पूर्वी त्यावर 'पुढे काय व्हायचे आहे?' असा रकाना होता. तीन वर्षांपूर्वी मी तो काढला, कारण साठातली पन्नास मुलं 'डॉक्टर' लिहायची आणि त्यातल्या कित्येकांचं अक्षर वडिलांच्या सहीसारखं ठाम असायचं. आता मी विचारते, 'काय करताना वेळ कसा गेला ते कळत नाही?' ह्या मुलानं कागद शेवटपर्यंत धरून ठेवला. सगळे गेल्यावर टेबलावर ठेवला आणि पटकन बाहेर पडला. पेन्सिलीनं, खोडून पुन्हा लिहिलं होतं: 'रविवारी पप्पांच्या लेथवर. पण पप्पांना सांगू नका.'

ऑक्टोबरच्या पालकसभेला ते वडील पुन्हा आले. तोच इस्त्रीचा शर्ट. मी कागदाबद्दल अवाक्षर काढलं नाही, फक्त विचारलं, "रविवारी शॉपवर येतो का हा?" ते म्हणाले, "येतो की. माझ्यापेक्षा हात चांगला हाय त्याचा." आणि मग बराच वेळ मुलाकडं बघत राहिले.